गाडी गावाला जाते, साहेब

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई

विषय : नेरळ–माथेरान रेल्वेला रेल्वे समजण्याबाबत



विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयात कुणीतरी चष्मा वर सरकवला असेल. रेल्वेला रेल्वे समजा म्हणजे काय? दोन रूळ आहेत, इंजिन आहे, डबे आहेत, तिकीट आहे, मग ती रेल्वे नाही तर काय? पण साहेब, गेली काही वर्षं तिचं नाव पत्रकांत, जाहिरातींत, बातम्यांत आणि आता लोकांच्याही तोंडी ‘टॉय ट्रेन’ असंच येतं. टॉय म्हणजे खेळणं. आमच्या लहानपणी तिला ‘मिनी ट्रेन’ म्हणत आणि माझी आजी नुसतीच ‘माथेरानची गाडी’ म्हणायची. पंढरपूरची गाडी, मिरजेची गाडी, तशी माथेरानची गाडी. जिथे जाते त्या गावाचं नाव गाडीला द्यायचं, एवढी साधी रीत. खेळणं कुठेच जात नाही. चावी संपली की ते जागेवर थांबतं.

मी बदलापूरला राहतो. तीस-एक वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. समोच्च रेषा हा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जायचा. एकाच उंचीवरचे बिंदू जोडणारी रेषा, ही व्याख्या पाठ होते, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मग मी मुलांना नेरळला घेऊन जायला लागलो. त्या गाडीत खिडकीपाशी बसलेल्या मुलाला समोच्च रेषा समजवावी लागत नाही, कारण तो तिच्यावरच बसलेला असतो. फक्त ही रेषा थोडी लबाड आहे. डोंगराच्या कडेकडेने जाताना ती हळूच वर सरकते. तीव्र चढाच्या जागी वीस पावलं पुढे आणि एक पाऊल वर, असं तिचं प्रमाण. एकदा सातवीतल्या एका मुलाने खाली बघून विचारलं होतं, “सर, मघाशी नेरळ स्टेशन उजवीकडे होतं ना? आता डावीकडे कसं आलं?” तास तिथेच संपला. पुढचं सगळं डोंगराने शिकवलं.

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर नेरळ ते माथेरान अंतर सहा-सात किलोमीटर भरतं. रूळ मात्र वीस किलोमीटर लांब आहेत. त्या वीस किलोमीटरांत गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास वर चढते, तीही केवळ चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाच्या भरवशावर. निलगिरीच्या गाडीला मधोमध दातेरी रूळ आहे, त्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं आणि गाडी शिडीवर चढल्यासारखी चढते. दार्जिलिंगच्या गाडीला काही ठिकाणी पुढे-मागे करत, झेड अक्षराच्या रेघेने उंची गाठावी लागते. आपल्या बोरघाटातही १८६३ साली मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने उरलेला चढ सुरू व्हायचा. माथेरानच्या आखणीतही माउंट बेरीजवळ असंच काही करायची वेळ आली होती. ते टाळलं ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक मोठं वळण देऊन. गाडी थांबत नाही, उलटी फिरत नाही. डोंगराला वळसा घालते आणि आपण आलो तो मार्ग पायाखाली बघत पुढे जातो. घाईच्या माणसाला हा वळसा वेळखाऊ वाटेल. मला तो गणिताच्या सुंदर पायरीसारखा वाटत आला आहे.

या गणितामागच्या माणसाचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याची आपल्याशी दुसरीही ओळख आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. तीच गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली आणि तिने वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या वाहिल्या. म्हणजे विठोबाच्या वाटेवरची छोटी गाडी आणि माथेरानची छोटी गाडी एकाच डोक्यातून निघाली आहेत. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. उंचीवरून माणूस सुखरूप खाली कसा आणायचा, हा विचार बहुधा त्याची पाठच सोडत नव्हता.) बार्शीची गाडी अडीच फुटी रुळांवर धावायची, माथेरानची दोन फुटी रुळांवर. रूळ जितके जवळ, तितकं वळण आखूड घेता येतं. पण वळण आखूड म्हटलं की इंजिनाची लांबी आड येते. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार वाफेची इंजिनं मागवली गेली, ज्यांच्या टोकाच्या आसांना वळणावर किंचित तिरपं होता यायचं. कमरेत वाकणाऱ्या माणसासारखी ती इंजिनं होती. त्यांतलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

पैसा मात्र ना सरकारचा, ना कुठल्या विलायती कंपनीचा. तो होता मुंबईच्या सर आदमजी पीरभॉय यांचा. रस्त्यावर काडेपेट्या विकण्यापासून सुरुवात करून लष्कराला तंबू पुरवण्यापर्यंत पोचलेला हा दाऊदी बोहरा गृहस्थ. सांगतात, की एकदा माथेरानला जायला ते नेरळला उतरले तर वर नेणारं एकही तट्टू शिल्लक नव्हतं, सगळी आधीच ठरलेली. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की आता वर जाईन तो माझ्या गाडीने. गोष्ट खरी असो वा नसो, पण सोळा लाख रुपये खरे होते आणि मुलगा अब्दुल हुसेन याने उन्हापावसात उभं राहून करवून घेतलेलं काम खरं होतं. १९०४ मध्ये बांधकामाला हात घातला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. मला या लोककथेतली एक बारीक गोष्ट आवडते. पीरभॉय डोंगराची शोभा बघायला अडून बसले नव्हते. त्यांना वर पोचायचं होतं. गाडीची कल्पना अडलेल्या प्रवाशाला सुचली आहे, मजा शोधणाऱ्याला नव्हे.

आता मुद्द्यावर येतो.

वारसा रेल्वेंची चर्चा निघाली की आपल्याकडे दार्जिलिंगचं नाव पहिलं येतं आणि ते योग्यच आहे. दार्जिलिंगला जागतिक वारशाचा मान १९९९ मध्ये मिळाला, मग २००५ मध्ये निलगिरीला आणि २००८ मध्ये कालका–सिमल्याला. माथेरान अजून युनेस्कोच्या संभाव्य यादीत थांबलेलं आहे. पण दार्जिलिंगला जाऊन आलेल्या दहा मराठी माणसांना विचारून बघा, ‘गाडीत बसलात का?’ बहुतेक जण हो म्हणतील. ‘कुठून कुठे गेलात?’ असं विचारलं की उत्तर येईल, ‘दार्जिलिंगहून दार्जिलिंगला.’ म्हणजे ती जॉय राइड. घूमपर्यंत जायचं, वाटेत बटासियाच्या वळणावर उतरून फोटो काढायचे, संग्रहालय बघायचं आणि दोन तासांत परत यायचं. वाफेचं इंजिन धूर सोडतं, लहान मुलं टाळ्या वाजवतात. त्यात वाईट काही नाही, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण सपाटीवरून डोंगरात माणसं आणि माल नेण्यासाठी १८८१ मध्ये बांधलेली ती रेल्वे आज बहुतेकांना आठवते ती या गोल फेरीमुळे. पायथ्यापासून दिवसभर चढत जाणारी गाडी हौशी लोकांपुरती उरली.

गंमत अशी, की या डोंगरी रेल्वेंना जागतिक वारशाचा मान देताना जी कारणं नोंदवली आहेत, त्यांत निसर्गशोभा मुख्य नाही. दुर्गम डोंगराला सपाटीशी जोडण्यासाठी केलेली धाडसी, कल्पक आखणी आणि त्यामुळे तिथल्या लोकांच्या जगण्यावर झालेला परिणाम, ही ती कारणं. गाडी अजून चालते आहे, हेही. म्हणजे जगाने मान दिला तो वाहतुकीला आणि आपण मान दाखवतो तो सहलीला.

माथेरानचं तसं व्हायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. आणि माथेरानचं तसं होणं दार्जिलिंगपेक्षा जास्त चुकीचं ठरेल, कारण दार्जिलिंगला मोटारी जातात. माथेरानला जात नाहीत.

१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चढून गेला, बंगले उठले, पॉइंटांना इंग्रजी नावं पडली, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुंबईपासून इतक्या जवळ असूनही हे गाव मोटारीपासून वाचलं, ही त्याची खरी कमाई. २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तुमची गाडी कितीही महागाची असू द्या, ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे लाल माती, झाडांची सावली, आणि मग पाय, घोडा, रिक्षा किंवा आपली गाडी. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. फार उशिरा झालं, पण झालं. ई-रिक्षांवरून गावात बराच वाद झाला आहे, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की वाहनबंदी असलेल्या गावात जे एकमेव वाहन शंभराहून अधिक वर्षं कुणाचा आक्षेप न येता चाललं, ते आपल्या ताब्यात आहे.

आणि हे गाव आहे, हॉटेलांची रांग नव्हे. हुतात्मा भाई कोतवाल इथेच जन्मले. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत काम केलं, भोवतालच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी झटले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. उतारावरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतली माणसं आजही डोक्यावर पाटी घेऊन वर चढतात. मे महिन्यात गाडी वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनला थांबली की पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बाया खिडकीशी यायच्या. आजी दोन द्रोण घ्यायची, एक मला आणि एक ‘वरच्यांना’. वरचे म्हणजे माथेरानला राहणारी तिची मावसबहीण. लोक हवापालटाला माथेरानला जायचे, आम्ही पाहुणे म्हणून जायचो. कदाचित म्हणूनच मला त्या गाडीत सहल कधी दिसली नाही.

साहेब, २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळपासूनची गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक मी जपून ठेवलं आहे. नेरळहून सकाळी ८.५० आणि १०.२५. माथेरानहून दुपारी २.४५ आणि ४.००. वर जायला दोन तास चाळीस मिनिटं. वेळापत्रक हा मोठा प्रामाणिक कागद असतो. गाडी कुणासाठी आहे, हे तो न विचारता सांगतो. सकाळी मुंबईहून आलेल्याने वर जावं, जेवावं, दोन पॉइंट बघावेत आणि संध्याकाळच्या आत खाली यावं. सकाळी खाली जाणाऱ्यासाठी त्यात ओळच नाही. माथेरानकराला कर्जतच्या दवाखान्यात जायचं असेल, पाहुण्याला रात्रीचा मुक्काम आटोपून सकाळी निघायचं असेल, नेरळच्या बाजारात काही पोचवायचं असेल, तर ही गाडी त्याची नाही.

यावर आपला अधिकारी म्हणेल, की अडीच-तीन तास घालवून रोजच्या कामाला कोण उतरणार? टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरीहून नेरळला नेते. बरोबर आहे. रोजच्या कामाला मीही उतरणार नाही. गावाची रोजची गाडी म्हणजे दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल, आणि तिचं मोल मी जाणतो. भर पावसात, खालचा घाट बंद असताना तीच धावते. माणसं नेते, सामानही नेते. करोनाच्या दिवसांत पर्यटक नव्हते तेव्हाही तिने गावाचं सामान वाहिलं. शटलचं कौतुक कुणी छापत नाही, कारण तिच्या खिडकीतून दरी फारशी दिसत नाही. पण या सबंध रेल्वेत ‘वारसा’ हा शब्द कुणाला सर्वांत जास्त शोभत असेल, तर तो धुक्यात दुधाचे कॅन आणि भाजीच्या गोण्या घेऊन सुटणाऱ्या त्या शटलला.

तरीही लांबच्या गाडीची एक फेरी सकाळी खाली उतरावी, ही माझी पहिली मागणी. रात्री वर मुक्कामाला राहणारा रेक असला की झालं. मुक्काम केलेल्या माणसाला ती सोयीची आहे आणि उतरताना सकाळच्या उन्हात विकटगडाची जी बाजू दिसते ती दुपारच्या गाडीतून दिसत नाही. बघा, शोभेचं कारणही देऊन टाकलं. मार्केटिंग विभागाला ते पटेल.

दुसरी मागणी डब्यांची. गाडीला जेमतेम सहा डबे, त्यांतले काही सामानाचे. शंभरेक माणसं बसली की गाडी भरली. काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडल्यापासून त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकतात आणि छान दिसतात. पण डोंगर बघायला डोक्यावर काच लागत नाही, साहेब. डोंगर बाजूला असतो. उघडी खिडकी आणि हात बाहेर न काढण्याची ताकीद एवढं पुरतं. साध्या दुसऱ्या वर्गाच्या डब्याला या गाडीत कधी कात्री लागू नये. त्या डब्यातूनच बदलापूर-अंबरनाथची, कल्याणची कुटुंबं पहिल्यांदा घाट चढतात. घरी रिक्षा चालवणारा बाप मुलीला मांडीवर घेऊन बोगदा दाखवतो. एकुलता एक बोगदा, त्याचं नाव ‘वन किस टनेल’. इतका आखूड, की एका चुंबनाएवढा वेळ अंधार. ते नाव मुलांना समजावताना शिक्षकाची जी पंचाईत होते ती मी पंधरा-वीस वेळा अनुभवली आहे.

तिसरी गोष्ट मागणी नाही, काळजी आहे. डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखं सजवायचं, अशी बातमी मध्यंतरी वाचली. धुराडं, घुमट, हिरवा-सोनेरी रंग, सगळं वरवरचं. लग्नातल्या घोड्याला पंख लावतात तसं. डिझेल इंजिनात लाजण्यासारखं काय आहे? घाटावर कित्येक दशकं डिझेल इंजिनांनीच गाडी ओढली. माझ्या पिढीच्या आठवणीतला वास डिझेलचाच आहे. तो जुना झाला, म्हणजे तोही वारसाच झाला. हौसच असेल तर वर्षातून चार दिवस खरं वाफेचं इंजिन बाहेर काढा, त्याला कोळसा-पाणी द्या, त्याचा चालक तयार करा आणि ते किती कटकटीचं काम आहे तेही लोकांना दाखवा. वाफेचा खोटा मुखवटा लहान मूलही ओळखतं, कारण शिटी वेगळी वाजते.

वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या आणण्याची योजना रेल्वे मंत्रालयाने जाहीर केली होती. पस्तीस गाड्या, प्रत्येक गाडीला सुमारे ८० कोटी रुपये, शिवाय प्रत्येक मार्गावर पायाभूत सोयींसाठी ७० कोटी. माथेरानचंही नाव त्यात होतं. धूर न सोडणाऱ्या गाडीला संवेदनशील जंगलात कोण नको म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण ८० कोटी हा आकडा वाचताना मला पीरभॉयांचे सोळा लाख आठवतात आणि मग गँगमन आठवतात.

या रुळांवर दोनच गोष्टी कायम खऱ्या राहिल्या आहेत, पाऊस आणि गँगमन. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग जागोजागी तुटला. तो पुन्हा उभा करून गाडी चालू झाली ती २००७ मध्ये, तिच्या शंभराव्या वर्षी. मे २०१६ मध्ये लागोपाठ डबे घसरले आणि गाडी थांबली. २०१७ च्या अखेरीस शटल आणि २०१८ च्या जानेवारीत पूर्ण गाडी सुरू झाली. २०१९ च्या पावसाने खडी, भराव, रूळ पुन्हा वाहून नेले, आणि नेरळची गाडी थेट २२ ऑक्टोबर २०२२ रोजी परतली. मधल्या काळात दगडांनी भरलेल्या जाळ्यांच्या गॅबियन भिंती उठल्या, सिमेंटचे स्लीपर आले, दरीच्या बाजूला कठडे लागले. हे काम सोपं नव्हतं. त्या घाटात जेसीबी पोचत नाही अशा जागा आहेत, तिथे माणूस, पहार आणि घमेलं हाच उपाय. आपल्या खात्याचं यासाठी मनापासून अभिनंदन. इतकी वर्षं बंद राहूनही ही गाडी कायमची बंद करा असं ठरलं नाही, ही लहान गोष्ट नाही. आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात हरवत गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण हे गँगमन कोण, हे प्रवाशाला कळत नाही. ब्रेक्समनचंही तसंच. पूर्वी प्रत्येक डब्याला हातब्रेक होता आणि डब्यांच्या मध्ये उभा राहून एक एक माणूस तो फिरवायचा. इंजिनाची शिटी ऐकायची, तिची खूण ओळखायची आणि तेवढाच ब्रेक आवळायचा किंवा सैल सोडायचा. उतरताना सगळी गाडी त्या माणसांच्या मनगटांवर असायची. आता एअर ब्रेक आहेत, ते जास्त सुरक्षित आहेत, जुनं परत आणा असं मी म्हणणार नाही. पण ते कौशल्य कुणी लिहून ठेवलं का? कोणत्या वळणावर कोणती शिटी, कुठे पावसाळ्यात रुळावर शेवाळं धरतं, कुठल्या झाडाखाली दगड हमखास सुटतो, दोन फुटी रूळ त्या वळणापुरता वाकवताना हात कसा चालवायचा? निवृत्त ब्रेक्समन आणि गँगमन अजून नेरळच्या आसपास राहत असतील. त्यांना बोलावून, चहा पाजून, टेप चालू ठेवून दोन-दोन तास ऐकायला कितीसा खर्च येईल? ८० कोटींतला एक शून्य काढायचीही गरज नाही.

वॉटर पाइप स्टेशनच्या पुढे रुळांच्या कडेला जो कड्यावरचा गणपती आहे, तो याच माणसांचा. रोज गाडी नेताना एका मोटरमनला समोरच्या प्रचंड दगडात गणपतीचा आकार दिसला. सोंड, कान, पोट, सगळं. इतरांना दाखवलं, मग दगडाला रूप दिलं आणि देऊळ झालं. आता पावसाळ्यात तरुण मुलं तिथे ट्रेक करत येतात आणि रीळ बनवतात. मला त्या मोटरमनचा हेवा वाटतो. त्याच कड्यापुढून किती कलेक्टर, किती हौशी, किती छायाचित्रकार गेले असतील. दिसला त्यालाच, कारण तो तिथून रोज जात होता. रोजच्या येण्याजाण्यातूनच अशी दृष्टी येते. दोन तासांच्या फेरीत ती येत नाही.

तेव्हा सगळ्या मागण्या एका वाक्यात सांगायच्या तर, या रेल्वेचा हिशेब करमणुकीच्या रकान्यात मांडू नका. स्टेशनवर डब्याचं उपाहारगृह करा, मुक्कामासाठी पॉड बांधा, मला त्याचं दुःख नाही. बटाटावडा तिथेही चांगला मिळो. पण नफा-तोट्याचा कागद पुढे येईल तेव्हा तोट्यात चालणारी सहल बंद करणं फार सोपं जातं. गावाची गाडी बंद करायला मात्र शंभर वेळा विचार करावा लागतो. तिला गावाची गाडी म्हणून नोंदवून ठेवलं, तर आपल्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्या साहेबांनाही ते जड जाईल. माझा सगळा डाव एवढाच आहे.

आणखी एक, शिक्षकाची सवय म्हणून. जुम्मापट्टीला जिथे वरची आणि खालची गाडी एकमेकींना ओलांडतात, तिथे एक फलक लावता येईल. डोंगराचा समोच्च रेषांचा नकाशा आणि त्यावर लाल रंगात आपला रूळ. बाकी मजकूर नको. गाडी थांबलेली असते, मुलं खाली उतरलेली असतात, करवंदांची पाटी शेजारी असते. ती आपोआप तिकडे जातील.

पाऊस सरून घाट उघडेल तेव्हा मी नातीला घेऊन येणार आहे. ती सहा वर्षांची आहे, बोगद्याचं नाव तिला अजून माहीत नाही. नेरळच्या खिडकीवर दोन तिकिटं मागेन, दुसऱ्या वर्गाची, फक्त जाण्याची. वर दोन दिवस राहू. सकाळी खाली उतरणारी गाडी तोवर सुरू झाली असेल तर तिने येऊ, नाहीतर नातीला खांद्यावर घेऊन रुळांच्या कडेकडेने चालत उतरण्याचा माझा बेत आहे. रुळांवरून चालणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा दंड करायचा झाला तर पावती माझ्या नावाने फाडा, तिच्या नको.

आपला,
बदलापूरचा एक निवृत्त भूगोल शिक्षक